आई घराबाहेर असताना: दूध काढणं, साठवणं आणि बाळाला पाजणं

कामावर किंवा प्रवासाला निघालेल्या आईचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘पंप कोणता घेऊ?’ हाच असतो. खरं तर त्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा: बाळापासून एकूण किती तास लांब राहणार? कामाचे तास मोजू नका. दारातून पाऊल बाहेर पडल्यापासून बाळ पुन्हा हातात येईपर्यंतचे सगळे तास मोजा. आठ तासांची नोकरी आणि जाण्यायेण्याचे दोन तास असतील तर आकडा दहा आहे, आठ नाही. किती दूध ठेवायचं, किती वेळा काढायचं, बर्फ किती लागेल, हे सगळं या एका आकड्यावर ठरतं.

तासांचं गणित

फक्त अंगावर पिणारं बाळ एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिली दूध पितं. काही बाळं साडेपाचशे-सहाशेवर खूश असतात, काहींना नऊशे लागतं. चोवीस तासांत हे वाटलं की सरासरी ताशी ३० ते ३५ मिली पडतं. जास्त पिणाऱ्या बाळांसाठी सवड ठेवून ताशी ३० ते ४५ मिली धरा. म्हणजे दहा तासांसाठी ३०० ते ४५० मिली. ते एकाच मोठ्या बाटलीत न ठेवता ६० ते १०० मिलीच्या छोट्या भागांत ठेवा आणि वर ५०-६० मिलीचा एक राखीव भाग असू द्या.

इथे घरातल्यांचा हमखास गोंधळ होतो. बाळ चार महिन्यांचं झालं, मग दूधही वाढवायला हवं, असं त्यांना वाटतं. आईच्या दुधाचं तसं नाही. पहिल्या महिन्यानंतर बाळाची रोजची गरज सहा महिन्यांपर्यंत जवळपास तेवढीच राहते. बाटलीतला आकडा दर महिन्याला वाढवत नेला की आईला काढलेलं दूध पुरत नाही आणि ‘तुझं दूध कमी पडतंय’ हे वाक्य घरात सुरू होतं. पडत काही नसतं, बाटली मोठी झालेली असते.

आता किती वेळा काढायचं. बाळ घरी असताना जितक्या वेळा प्यायलं असतं साधारण तितक्या वेळा, म्हणजे दर तीन तासांनी एकदा. दहा तासांत तीन बैठका. निघताना दारात शेवटचं पाजलं आणि परतल्या परतल्या पुन्हा घेतलं, तर कधी दोनवरही भागतं. पण ‘दुपारपर्यंत साठू दे, मग एकदम काढते’ हा हिशेब उलटा पडतो. स्तन भरलेला राहिला की दूध तयार होण्याचा वेग आपोआप मंदावतो, रिकामा झाला की वाढतो. एक लांबलचक बैठक दोन छोट्या बैठकांची जागा घेऊ शकत नाही. वेळ कमी असेल तर दहा मिनिटं काढा, पण बैठक गाळू नका.

कामाच्या ठिकाणी बोलणी करतानाही हाच आकडा हाताशी ठेवा. ‘मला अधूनमधून थोडा वेळ लागेल’ म्हटलं तर कुणालाच काही कळत नाही. ‘तीन वेळा, प्रत्येकी पंचवीस ते तीस मिनिटं, आतून कडी लागणारी खोली, प्लग पॉइंट, खुर्ची आणि छोटं टेबल’ असं सांगितलं तर होय-नाही लगेच ठरतं. जवळ नळ असला तर उत्तम. स्वच्छतागृहात बसून दूध काढायची वेळ येऊ देऊ नका, बाळाचं अन्न तयार करायची ती जागा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा मातृत्व संरक्षण करार (क्रमांक १८३) रोज एक किंवा अधिक वेळा पाजण्याची सुट्टी किंवा कामाचे तास कमी करून मिळणं हा आईचा हक्क मानतो आणि तो वेळ पगारी धरायला सांगतो. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे, त्यामुळे आपल्याकडे काय लागू आहे ते रजा संपायच्या आधी पाहून ठेवा.

निघण्याआधीचे दोन-तीन आठवडे

फ्रीझर गच्च भरलेला असावा, ही भीतीतून आलेली कल्पना आहे. पहिल्या दिवसाचं दूध आणि एखाद्या दिवसाची शिल्लक एवढं पुरतं, कारण आज कामावर काढलेलं दूध उद्या बाळाला जातं. गरजेपेक्षा जास्त काढत राहिलं की शरीर जास्त तयार करू लागतं, मग स्तन दाटतात, गाठी होतात.

साठा करायला सकाळची वेळ चांगली, त्या वेळी दूध सर्वांत जास्त असतं. बाळाचं सकाळचं पिणं झाल्यावर अर्ध्या-एक तासाने दहा-पंधरा मिनिटं काढा. १५ ते ६० मिली निघालं तर छान. बाळ पिऊन झाल्यावर उरलेलं हे दूध आहे, बाटली भरायची अपेक्षा इथे नसावी. बाळ एका बाजूला पीत असताना दुसऱ्या बाजूने गळणारं दूधही सिलिकॉनच्या कपात धरता येतं.

बाटलीची किंवा वाटी-चमच्याची ओळख अंगावर पिणं नीट बसल्यावर, साधारण चौथ्या आठवड्यानंतर आणि निघायच्या किमान दोन आठवडे आधी करून द्या. आईने नाही, दुसऱ्या कुणीतरी द्यावं, आणि आईने त्या खोलीत थांबू नये. वास आला की बाळ खरी जागा शोधू लागतं. सुरुवात १५ ते ३० मिलीने करा, बाळ भुकेने कासावीस झालेलं नसताना.

देण्याची पद्धतही सांभाळणाऱ्या व्यक्तीला हाताने करून दाखवा. बाळ जवळजवळ बसतं धरायचं, बाटली आडवी ठेवायची, निपल सर्वांत कमी प्रवाहाचं घ्यायचं. निपल ओठांना लावायचं आणि बाळ स्वतः तोंड उघडून घेईपर्यंत थांबायचं. मिनिटभराने बाटली जराशी खाली करायची, बाळाला दम घेऊ द्यायचा. एका पिण्याला दहा ते वीस मिनिटं लागली पाहिजेत. उताणं झोपवून बाटली उभी धरली की दूध आपोआप घशात उतरतं, शंभर मिली चार मिनिटांत संपतं आणि पोट भरल्याची जाणीव व्हायच्या आत बाळ आणखी मागतं.

शेवटच्या आठवड्यात एकदा अर्ध्या दिवसाची रंगीत तालीम करा: बॅग भरून, खरोखर घराबाहेर जाऊन. काय विसरलं ते तेव्हाच कळतं.

पंप आणि त्याचा फनेल

दिवसातून दोन किंवा जास्त वेळा काढायचं असेल तर दोन्ही बाजू एकाच वेळी रिकाम्या करणारा विजेवरचा पंप घ्यावा. त्याने वेळ जवळजवळ निम्मा होतो. आठवड्यातून एखाद्या वेळी बाहेर जाणाऱ्या आईला हाताने दाबायचा साधा पंप पुरेसा आहे, आणि विजेचा पंप असला तरी हा हातपंप बॅगेत असावाच. ब्रामध्ये बसणारे बिनवायरचे पंप सोयीचे असतात, पण अनेकींना त्यांतून कमी दूध निघतं. त्यात फनेल, म्हणजे स्तनावर टेकवायचा नरसाळ्यासारखा भाग, नीट बसलाय का ते दिसत नाही आणि पुढे वाकलं की दूध सांडतं. पहिल्या काही आठवड्यांत फक्त त्यांच्यावर भिस्त ठेवू नका, असं आमचं मत आहे.

दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा असलेला, म्हणजे बंद पद्धतीचा पंप निवडा. पडदा नसलेल्या पंपात दूध नळीतून मोटरपर्यंत जाऊ शकतं आणि तिथे साफ करायला हात पोचत नाही. असा पंप दुसऱ्या कुणाचा वापरलेला घेऊ नये.

खरी मेख फनेलच्या मापात आहे. डब्यात बहुधा २४ किंवा २८ मिलीमीटरचा फनेल येतो आणि तोच बसतो असं गृहीत धरलं जातं. अनेक जणींना यापेक्षा लहान लागतो. दूध काढायच्या आधी, स्तनाग्राच्या मुळाशी त्याची रुंदी मिलीमीटरमध्ये मोजा. फक्त स्तनाग्र, भोवतीचा काळसर भाग नाही. जो आकडा येईल तेवढाच किंवा त्याहून एक ते तीन मिलीमीटर मोठा फनेल लावून पाहा. डावी आणि उजवी बाजू वेगळ्या मापाची असू शकते.

माप चुकलं की ते बघून कळतं. पंप चालू असताना फनेलच्या पारदर्शक नळीत डोकवा. स्तनाग्र मधोमध, कडांना न घासता पुढेमागे व्हायला हवं. काळसर भागाचा मोठा हिस्सा नळीत ओढला जात असेल तर फनेल मोठा आहे. स्तनाग्र कडांना घासतंय, काढून झाल्यावर टोक पांढरं पडलंय किंवा मुळाशी वळ उठलाय, तर लहान आहे. दुखणं हे ‘सवय होईल’ म्हणून सोडून देऊ नका. दुखलं की पान्हा अडतो.

एक बैठक, पहिल्या मिनिटापासून

हात साबणाने धुवा. भाग जोडताना दोन जागा बघा: वॉल्वची, म्हणजे फनेलखालच्या रबरी झडपेची, चीर बंद आहे का आणि नळी आतून कोरडी आहे का. स्तनाग्र फनेलच्या मध्यभागी ठेवून कडा त्वचेला सगळीकडून टेकू द्या, पण दाबून धरू नका. दाब दिला तर खालच्या दुधाच्या वाहिन्या दबतात आणि त्या बाजूचं दूध उतरत नाही.

सुरुवात जलद आणि हलक्या गतीने करा, बाळ सुरुवातीला भराभर चोखतं तशी. एक-दोन मिनिटांत थेंबांच्या जागी धार दिसू लागते. हा पान्हा. आता संथ आणि खोल गतीवर जा. ओढ एकेक पायरीने वाढवा, नको वाटू लागलं की एक पायरी खाली या आणि तिथेच थांबा. जास्त ओढ म्हणजे जास्त दूध हे खरं नाही. मोटर दूध ओढून काढत नाही, पान्हा फुटला तरच ते येतं.

पान्हा मेंदूवर अवलंबून असतो. ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक स्तनातल्या दुधाच्या पिशव्या आवळतं. घाई, राग, दारावरची टकटक यांनी ते अडतं. बाळाचा व्हिडिओ, त्याच्या अंगाचा वास असलेलं कापड, पाच मिनिटं आधी गरम पाण्याची पट्टी, खांदे सैल सोडणं, यांतलं काहीतरी एक रोज त्याच क्रमाने केलं की काही दिवसांत शरीर तो क्रम ओळखतं. बाटलीकडे टक लावून बसू नका. काही जणी बाटलीवर मोजा चढवून ठेवतात. हसू येईल, पण उपयोग होतो.

धार मंदावली की हाताने स्तनाला बाहेरून स्तनाग्राच्या दिशेने हलकेच दाब द्या, काखेजवळचा भाग विसरू नका. मग पुन्हा दोन मिनिटं जलद गती लावा, बहुतेकींना दुसरा पान्हा येतो. एकूण पंधरा ते वीस मिनिटं. शेवटचा थेंब पडल्यावर दोन मिनिटांनी बंद करा. चुकलेल्या एका पिण्याच्या बदल्यात दोन्ही बाजूंचं मिळून ६० ते १२० मिली निघणं नेहमीचं आहे.

नळीत वाफ धरली असेल तर बाटल्या काढून पंप दोन-तीन मिनिटं नुसता चालू ठेवा, ती वाळते. काळे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी नळी धुवायच्या भानगडीत न पडता टाकून द्या.

दूध अचानक कमी निघालं तर

कालपर्यंत शंभर, आज पन्नास. अशा वेळी आई स्वतःला दोष देते आणि घरातले वरचं दूध सुचवतात. शोध या क्रमाने घ्या: आधी यंत्र, मग घड्याळ, सर्वांत शेवटी शरीर.

यंत्रात पहिला संशयित वॉल्व. फनेलच्या खाली, बाटलीच्या तोंडाशी बसणारा हा बदकाच्या चोचीसारखा रबरी तुकडा प्रत्येक ओढीला बंद व्हावा लागतो, तरच पोकळी तयार होते. तो उजेडात धरा. चीर पूर्ण मिटलेली दिसली पाहिजे. ती जरा उघडी राहिली असेल, टोकाला केसाएवढी भेग असेल किंवा रबर मऊ पडलं असेल, तर मोटर नवीकोरी असूनही ओढ निम्मी होते. धुताना ब्रश चिरेत घातला की ती हमखास फाटते. वॉल्व बोटांनी, साबणाच्या पाण्यात नुसता चोळायचा. दिवसाला तीन-चार वेळा वापर असेल तर दर चार ते आठ आठवड्यांनी वॉल्व बदला आणि एक जोडी बॅगेत सुटी ठेवा. काही पंपांत चोचीऐवजी चकतीवर पातळ पांढरा पडदा असतो. तो दुमडला, फाटला किंवा नीट चिकटला नाही तरी हेच होतं.

नंतर नळीची टोकं पाहा, सतत काढघाल केल्याने ती सैल होतात. दूध आणि मोटर यांच्यामधला पडदा ओला आहे का, बॅटरी उतरली आहे का तेही पाहा. चार्ज संपत आला की काही पंप आवाज तसाच ठेवून ओढ कमी करतात. तपासायची सोपी युक्ती: फनेलचं तोंड तळहाताने झाका. पूर्वीसारखा तळवा खेचला जात नसेल तर दोष यंत्रात आहे.

यंत्र ठीक निघालं तर गेल्या आठवड्यातल्या बैठका मोजा. पाचपैकी दोन दिवस दुपारची गळली असेल, रात्रीचं पाजणं बंद झालं असेल, तर कारण तिथेच आहे.

त्यानंतर शरीर. पाळीच्या आधीचे काही दिवस दूध कमी होतं आणि मग आपोआप वाढतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि सर्दीच्या औषधांतलं स्यूडोएफेड्रिन, दोन्ही दूध घटवतात. नवीन औषध सुरू केलं असेल तर डॉक्टरांना दुधाबद्दल स्पष्ट विचारा. नवीन गरोदरपण, ताप, उपासमार हीही कारणं असतात.

वाढवायचं असेल तर दिवसातून एकदा तासभराची बैठक करा: वीस मिनिटं काढा, दहा थांबा, दहा काढा, दहा थांबा, दहा काढा. बाळ वाढीच्या दिवसांत वारंवार पितं, त्याची ही नक्कल. परिणाम दिसायला तीन ते सात दिवस लागतात. पहिल्या दिवशी शेवटच्या फेरीत नुसते थेंब येतील, तरी हरकत नाही.

पंप बंद पडला तर

हाताने दूध काढता येणं ही प्रत्येक आईने शिकावी अशी गोष्ट आहे. वीज, बॅटरी, वॉल्व, काहीच लागत नाही. अंगठा वर आणि पहिली दोन बोटं खाली, स्तनाग्रापासून अडीच ते चार सेंटीमीटर मागे, इंग्रजी सी अक्षरासारखी धरा. आधी सरळ मागे, छातीच्या पिंजऱ्याकडे दाबा. मग बोटं आणि अंगठा एकमेकांकडे आणा, सोडा. दाबा, जुळवा, सोडा. बोटं त्वचेवरून घसरवू नका आणि स्तनाग्र पिळू नका. त्यात दूध नसतंच, ते मागे असतं. मिनिटभर काहीच येत नाही, मग थेंब, मग फवारे. धार थांबली की घड्याळाच्या काट्यासारखा हात फिरवून दुसऱ्या जागी या. दर तीन-पाच मिनिटांनी बाजू बदला. रुंद तोंडाचा स्वच्छ कप धरणं बाटलीपेक्षा सोपं जातं. साठवायची सोय नसेल तर दूध फेकावं लागेल, पण काढायचं ते काढाच.

साठवणूक

ताजं दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत चार तास राहतं. खोली त्याहून गरम असेल तर चार तास धरू नका, लगेच थंड करा. फ्रिजमध्ये ४ अंशाला चार दिवस. फ्रीझरमध्ये उणे १८ अंशाला सहा महिने उत्तम, बारा महिने चालेल. फ्रिजच्या दारात ठेवू नका, दर उघडझापेला तिथलं तापमान बदलतं.

कामावर फ्रिज नसला तरी अडत नाही. जाड अस्तराच्या थंड बॅगेत, पूर्ण गोठलेल्या जेल पिशव्यांबरोबर दूध चोवीस तास राहतं. पिशव्या आदल्या रात्री फ्रीझरमध्ये आडव्या ठेवा, अर्धवट गोठलेल्या पिशवीचा उपयोग नाही. बाटल्या बर्फाला चिकटून असू द्या, मधली रिकामी जागा कापडाने भरा आणि बॅग फक्त दूध ठेवायलाच उघडा. त्याच बॅगेत डबा ठेवला की जेवणाच्या वेळी ती उघडी राहते.

ताजं कोमट दूध आधीच्या थंड दुधात ओतायचं असेल तर ते वेगळं थंड करून मग मिसळा, आणि तारीख जुन्या दुधाची धरा. गोठवायच्या पिशवीत वर दोन-अडीच सेंटीमीटर जागा सोडा, दूध गोठताना फुगतं. पिशव्या आडव्या गोठवल्या की लवकर वितळतात आणि पुस्तकांसारख्या उभ्या लावता येतात. लेबल आधी लिहा, मग भरा: तारीख, वेळ, मिली.

वितळवायला रात्रभर फ्रिज उत्तम. पूर्ण वितळल्यापासून फ्रिजमध्ये चोवीस तास, बाहेर एक-दोन तास. पुन्हा गोठवायचं नाही. कोमट करायला बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. मायक्रोवेव्ह नको: दूध मध्येच कुठेतरी चटका देईल इतकं तापतं आणि बाटली मात्र बाहेरून गारच लागते. वर साय जमली तर बाटली गोल फिरवा, ते नासलेलं नाही. बाळाने तोंड लावलेलं दूध पिणं संपल्यापासून दोन तासांत वापरा, मग टाकून द्या.

वितळलेल्या दुधाला साबणासारखा वास आला तर बहुधा त्यातलं लायपेज नावाचं पाचक द्रव्य चरबी फोडत असतं. दूध खराब नसतं, पण काही बाळं ते नाकारतात. उपाय गोठवण्याआधीच करावा लागतो: ताजं दूध कडेला बुडबुडे येईपर्यंत, साधारण ८२ अंशांपर्यंत तापवा, उकळू देऊ नका, लगेच थंड करा आणि गोठवा. म्हणून साठा करण्याआधी एक पिशवी आठवडाभर गोठवून, वितळवून, वास घेऊन बघा.

भाग धुणं, विशेषतः नळ लांब असताना

दुधाला लागलेले भाग प्रत्येक वापरानंतर धुवायचे. आधी गार पाण्याने विसळा, मग गरम साबणपाणी, वेगळा ब्रश आणि वेगळं छोटं भांडं. बेसिनमध्ये थेट ठेवू नका. पुसू नका, स्वच्छ कापडावर निथळत ठेवा. नळ्यांमध्ये दूध जात नसेल तर त्या धुवायची गरज नाही. बाळ दोन महिन्यांहून लहान, अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी असेल तर रोज एकदा सगळे उकळता येणारे भाग पाच मिनिटं उकळा.

न धुतलेले भाग बंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवायचे आणि पुढच्या वेळी तेच वापरायचे, हा प्रकार बराच चालतो. थंडीने जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही. नाजूक बाळांसाठी तर हे टाळाच. त्यापेक्षा तीन बैठकांसाठी फनेल, वॉल्व आणि जोडभागांचे तीन संच न्या आणि घरी आल्यावर एकदम धुवा.

बाळ बरोबर असताना

हा भाग सोपा आहे. बाळ रडू लागण्याची वाट बघू नका. मूठ तोंडात घालणं, मान वळवून शोधणं, ओठ चाटणं या खुणा दिसल्या की लगेच बसायला जागा बघा. रडणाऱ्या बाळाला भर गर्दीत नीट लावणं फार कठीण असतं. आत सैल बनियन, वर सैल कुर्ता किंवा शर्ट: वरचा वर, आतला खाली, पोट झाकलेलंच राहतं. एक-दोनदा घरी आरशासमोर करून पाहा, बाहेरून काय दिसतं याची धास्ती निम्मी उतरते. ओढणी घेतली तर बाळाच्या नाकाकडे हवा खेळती आहे ना ते बघा.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वेगळं पाणी लागत नाही, जास्त वेळा पाजलं की पुरतं. पाण्याची बाटली आईसाठी घ्या. चालत्या गाडीत बाळाला सीटमधून काढून पाजू नका. थांबा, पाजा, ढेकर काढा, मग निघा. विमानात उडताना आणि उतरताना पाजलं तर गिळण्याने कानातला दाब सुटतो.

लांबचा प्रवास

पंप, दूध आणि बर्फ कायम हातातल्या सामानात. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक विमानाच्या पोटातल्या सामानात चालत नाहीत. १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक सहसा विनापरवानगी नेता येते. हिशेब असा: २०,००० मिलिॲम्पिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट भागिले १,००० म्हणजे ७४ वॅट-तास. परदेशी जात असाल तर चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. इनपुट १००-२४० लिहिलं असेल तर फक्त पिनेचा ॲडॉप्टर लागेल.

आईच्या दुधाला हातसामानातल्या १०० मिली द्रवाच्या मर्यादेतून अनेक देश सूट देतात, पण बाळ सोबत नसताना, दूध गोठलेलं असताना किंवा जेल पिशव्या अर्धवट वितळलेल्या असताना नियम बदलतात. निघण्याचा, मधला आणि परतीचा, तिन्ही विमानतळांचे नियम छापून जवळ ठेवा. तपासणीच्या रांगेत दूध स्वतःहून बाहेर काढून दाखवा. कोरडा बर्फ (ड्राय आइस, गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) एका प्रवाशाला अडीच किलोपर्यंत, विमान कंपनीच्या संमतीने आणि वायू बाहेर पडेल अशा पेटीतच नेता येतो. घट्ट बंद केलेला डबा वायूच्या दाबाने फुटू शकतो.

दाटणं, गाठ, ताप

बैठक चुकली आणि स्तन दगडासारखे झाले, तर बरं वाटेपर्यंतच काढा, पूर्ण रिकामे करायच्या मागे लागू नका. जास्त काढलं की पुढच्या वेळी आणखी दाटतात. नंतर गार पट्टी ठेवा. गाठ जोरजोरात रगडू नका. आत सूज असते, रगडण्याने ती वाढते. जुना सल्ला याच्या उलट होता, म्हणून घरातून ‘चांगलं मळून काढ’ असं ऐकायला मिळेल. पाजणं नेहमीसारखंच सुरू ठेवा, ते दूध बाळाला चालतं. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही पाजताना घेता येतात, तुम्हाला एरवी चालत असतील तर. लाली, ताप, अंगदुखी चोवीस तासांत उतरली नाही किंवा वाढत गेली तर डॉक्टरांकडे जा. दुखरी जागा मऊ आणि पाणी भरल्यासारखी लागली तर त्याच दिवशी.

परतीची वेळ आणि पुढे

सांभाळणाऱ्या व्यक्तीला एक सूचना लिहून द्या: आई यायच्या आधीच्या एक-दीड तासात पूर्ण बाटली देऊ नये. फारच भूक लागली तर तो राखीव ५०-६० मिलीचा भाग द्यावा. दारात पोचताना बाळ भुकेलं आणि आई भरलेली, हे जुळलं तर संध्याकाळचं पाजणं विनासायास होतं. काही बाळं दिवसा थोडंच पिऊन रात्री वसूल करतात. वजन नीट वाढत असेल तर दिवसा उरलेल्या बाटल्यांची काळजी नको.

सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू झालं की दिवसाचं दूध हळूहळू घटतं. पंप एकदम बंद करू नका. एक बैठक आधी पाच मिनिटांनी कमी करा, तीन-चार दिवसांनी आणखी पाच, मग ती सोडा. आठवडाभर थांबा आणि मग पुढची. ज्या बैठकीला सर्वांत कमी दूध निघतं ती आधी सोडा, सकाळची सर्वांत शेवटी.